वुशू शिकायचंय? आधी हे वाचा

दोन वाटा : चिनी युद्धकलांचं आजचं क्रीडारूप म्हणजे वुशू. ‘ताओलू’त ठरलेल्या हालचालींचा क्रम, तर ‘सांडा’त ठोसा, लाथ आणि उचलून पाडणं. स्वसंरक्षणासाठी सांडा अधिक उपयोगी.

पहिले महिने : पवित्रा, पायांची हालचाल, अंतराचा अंदाज आणि इजा न होता पडणं. जोडीदाराशी सराव हेल्मेट, ग्लोव्ह्ज, छातीचं कवच व दातांचा गार्ड घालूनच.

प्रेरणा : वुशू 1990 पासून आशियाई स्पर्धांत आहे. हांगझोऊत 2023 मध्ये मणिपूरच्या रोशिबिना देवीने सांडात रौप्य जिंकलं. खेळ वेगळा असला तरी, धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदान आपल्या मुलींना नवं नाही.

चौकशी : प्रशिक्षकांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहा, एक वर्ग स्वतः बसून बघा.

कायदा : भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, मात्र गरजेपुरतंच बळ वापरता येतं.

लक्षात ठेवा : निसटता आलं तर निसटा, मोठ्याने ओरडा, 112 वर फोन करा. सुखरूप घरी पोहोचणं हाच खरा विजय.