यंत्राआड यंत्र (७) : पोटभाडेकरू ठेवता येईल का?

हायपरव्हायजर म्हणजे काय आणि एकाच प्रोसेसरवर चार-पाच ऑपरेटिंग सिस्टिम्स एकमेकींच्या नकळत कशा नांदतात, ते मागच्या भागात पाहिलं. आता हे सगळं स्वतः करून बघायचं तर कुठे? रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर असले उद्योग करायला जीव धजावत नाही आणि निव्वळ प्रयोगासाठी वेगळं यंत्र विकत घेणं जिवावर येतं. मग सुचतो तो उपाय म्हणजे एक व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेणं. ॲमेझॉन आणि गूगलची केंद्रं मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो, बिघडला तर पुसून नवा घेता येतो.

पण हा सर्व्हर स्वतःच कुणाच्या तरी हायपरव्हायजरवर चालणारी व्हर्च्युअल मशीन असतो. आपण तिथे भाडेकरू, आणि आपल्याला आत पोटभाडेकरू ठेवायचा आहे. तेव्हा पहिली चौकशी घरमालक राजी आहे का याची.

यंत्राच्या आत यंत्र, त्याच्या आत आणखी एक, ही कल्पना क्लाउडच्या फार आधीची. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-६७ ही प्रणाली तयार झाली. पुढे सिस्टिम/३७० या नव्या मालिकेसाठी काम सुरू झालं तेव्हा हवी ती यंत्रं अजून हातात आलेली नव्हती. तिथल्या मंडळींनी सीपी-६७मध्ये फेरफार करून तिला ३७०ची नक्कल करायला लावलं, आणि ही बदललेली प्रणाली मूळ सीपी-६७च्याच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली. १९७४ साली जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या सगळ्याला गणिती पाया दिला. त्यांची मुख्य अट सोपी आहे: यंत्राच्या मूळ स्थितीला हात लावणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक सूचना, ती सामान्य प्रोग्रॅमने दिली तर, प्रोसेसरने अडवली पाहिजे आणि ताबा वरच्याकडे दिला पाहिजे. एवढं पाळलं की हायपरव्हायजर बांधता येतो. त्याच निबंधात, कोणत्या अटींवर हायपरव्हायजरच्या आत हायपरव्हायजर चालेल, तेही सिद्ध केलेलं आहे.

इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरने ही अट पाळली नाही. त्यातली 'पॉप-एफ' ही सूचना बघा. ती इंटरप्ट चालू-बंद करण्याची खूण बदलू शकते. पण सामान्य प्रोग्रॅमने ती दिली तर प्रोसेसर तक्रार करत नाही, अडवत नाही, तेवढा बदल गुपचूप गाळून पुढे जातो. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं इंटरप्ट बंद झाले, हायपरव्हायजरला काही कळतच नाही. पेंटियममध्ये अशा १७ सूचना असल्याचं २०००च्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. म्हणून व्हीएमवेअरने १९९९मध्ये चालता चालता यंत्रभाषेचंच भाषांतर करण्याचा खटाटोप केला. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या झेन प्रकल्पाने २००३मध्ये पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच बदलायला लावलं. इंटेलने २००५च्या अखेरीस आणि एएमडीने २००६मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली, तेव्हा कुठे हा विषय सरळ झाला. त्या सोयीवर उभं राहिलेलं केव्हीएम २००७च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झालं.

भाड्याच्या सर्व्हरांचा बाजार याच वाटेने मागून येत राहिला. लिनोड ही कंपनी २००३मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे 'यूझर-मोड लिनक्स' होतं, म्हणजे लिनक्सचं कर्नल एका साध्या प्रोसेससारखं चालवणं. २००८मध्ये ती झेनवर गेली, २०१५मध्ये केव्हीएमवर. गिऱ्हाइकाला पडद्यावर फारसा फरक दिसला नाही, पण घरमालक दोनदा बदलला आणि प्रत्येक वेळी आत काय करता येईल याची हद्दही बदलली.

स्वस्तातला प्रकार म्हणजे ओपनव्हीझेड. त्यात व्हर्च्युअल मशीन नसतेच. एकच कर्नल सगळ्यांत वाटलेलं असतं आणि प्रत्येकाला वेगळ्या खोलीचा आभास दिलेला असतो. २०१३मध्ये डॉकर आलं, त्याला लिनक्सचं ३.८ कर्नल हवं होतं. ओपनव्हीझेडचे सर्व्हर तेव्हा २.६.३२वर होते, आणि कर्नल आपलं नसल्यामुळे ते बदलण्याचा प्रश्नच नव्हता. नवं काही करून बघायचं असेल तर असला सर्व्हर फुकट मिळाला तरी घेऊ नये, असं माझं मत आहे. वेबसाईट ठेवायला चालेल.

सर्व्हर घेतल्यावर तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला 'एलएससीपीयू' ही आज्ञा पुरते. प्रोसेसरच्या खुणांच्या यादीत इंटेल असेल तर 'व्हीएमएक्स' आणि एएमडी असेल तर 'एसव्हीएम' दिसली की घरमालकाने पोटभाडेकरूला परवानगी दिली आहे असं समजायचं. मग 'डेव्ह' फोल्डरात 'केव्हीएम' नावाची फाईल आहे का ते बघायचं. इंटेलवर 'ईपीटी' ही खूणही शोधावी. ती नसेल तर सगळं चालेल, पण रखडत. या खुणा नसल्या तर कितीही पॅकेजेस टाकली तरी काही होणार नाही. तो निर्णय आपल्या सर्व्हरच्या बाहेर झालेला असतो.

परवानगी मिळाली की आत काय घडतं, हा खरा गमतीचा भाग. प्रोसेसरला हायपरव्हायजरची एकच पातळी ठाऊक असते. घरमालकाचा हायपरव्हायजर शून्य पातळीवर, आपला सर्व्हर पहिल्या आणि त्याच्या आतला पाहुणा दुसऱ्या पातळीवर धरला, तर दुसऱ्या पातळीवर काहीही अडलं की प्रोसेसर थेट शून्य पातळीला उठवतो. आपल्या हायपरव्हायजरला तो ओळखतच नाही. मग शून्य पातळी बघते की हे प्रकरण खरं तर पहिल्याचं आहे, सगळी परिस्थिती तशी मांडून देते आणि पहिल्याला चालू करते. पहिला ते हाताळायला प्रोसेसरच्या खास नोंदी वाचतो-लिहितो. आणि त्या नोंदींना हात लावणंही अडवलं जाणारंच काम असल्यामुळे दर वाचनाला, दर लेखनाला पुन्हा शून्य पातळीकडे फेरी. दुसऱ्या पातळीवर एकदा अडलं की अशा डझनांनी खेपा होतात.

इस्राएलमधल्या हैफा इथल्या आयबीएमच्या संशोधकांनी २०१०मध्ये 'टर्टल्स' या प्रकल्पात यावर तोड काढली. दोन्ही पातळ्यांच्या नोंदी एकत्र करून प्रोसेसरला एकच सपाट चित्र द्यायचं, म्हणजे त्याच्या लेखी पाहुणा एकच. स्मृतीच्या पत्त्यांचं तसंच. पाहुण्याचे पत्ते चार पायऱ्यांच्या तक्त्यातून शोधायचे आणि त्यातली प्रत्येक पायरी पुन्हा घरमालकाच्या चार पायऱ्यांतून, यात एका पत्त्यासाठी २४पर्यंत वेळा स्मृती वाचावी लागते. हे एकाच पातळीचं. त्यात तिसरा थर प्रोसेसरला पेलता येत नाही, म्हणून टर्टल्सने दोन तक्ते आधीच एकमेकांत मिसळून ठेवले. नेहमीच्या कामांत एका पातळीच्या तुलनेत ६ ते ८ टक्के घट, इथपर्यंत त्यांनी मजल मारली. पुढे इंटेलने २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरपासून नोंदी वाचण्या-लिहिण्याच्या फेऱ्या कमी करणारी सोय दिली, आणि २०१८च्या डिसेंबरमधल्या लिनक्स ४.२०पासून इंटेलवर पोटभाडेकरू ठेवण्याची सोय केव्हीएममध्ये आपोआप चालू असते.

तरीही भाड्याने देणारे सगळे ती उघडत नाहीत. गूगल आणि मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये निवडक प्रकारच्या सर्व्हरांवर ती दिली. ॲमेझॉनने पुढेही अनेक वर्षं, असलं काही करायचं तर अख्खं यंत्रच भाड्याने घ्या, अशी भूमिका ठेवली. याला आडमुठेपणा म्हणता येणार नाही. ही परवानगी दिली की शून्य पातळीवरच्या कोडचा एक मोठा आणि कमी वापरलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाताच्या टप्प्यात येतो. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी २०२१मध्ये एएमडीवरच्या नेमक्या याच कोडमध्ये भोक दाखवलं. पाहुण्याने दिलेली नियंत्रणाची नोंद केव्हीएम आधी तपासत असे आणि मग पुन्हा वाचून घेत असे. या दोन वाचनांच्या फटीत दुसऱ्या प्रोसेसर-कोअरवरून ती नोंद बदलली की तपासणी एकाची आणि अंमल दुसऱ्याचा. त्यातून पाहुणा थेट मालकाच्या यंत्रात शिरू शकत होता. शेजारी कोण राहतंय हे ठाऊक नसताना अशी दारं बंद ठेवणारा मालक मला तरी शहाणा वाटतो.

मालक नाही म्हणाला म्हणून सगळे थांबले असंही नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'झेन-ब्लँकेट'ने २०१२मध्ये ॲमेझॉनच्या सर्व्हरवर आपला झेन चालवून दाखवला. आतल्या पाहुण्यांना झेनच्या जुन्या पद्धतीप्रमाणे बदललं की प्रोसेसरच्या सोयीची गरजच राहत नाही, ही त्यातली युक्ती. केव्हीएम ज्या क्युमरानेट कंपनीत जन्मलं तिच्याच संस्थापकांनी नंतर रावेलो ही कंपनी काढली आणि यंत्रभाषेच्या भाषांतराची व्हीएमवेअरची वाट धरून न बदललेल्या व्हर्च्युअल मशीन्स ॲमेझॉनवर चालवल्या. २०१६मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. म्हणजे प्रोसेसरने ज्या कसरतींतून सुटका केली, त्याच कसरती भाडेकरूंना पुन्हा कराव्या लागल्या.

आता मोजमापाबद्दल, कारण नवशिके इथेच फसतात. ॲमेझॉनने २०१८मध्ये जाहीर केलेलं फायरक्रॅकर घ्या. रस्ट भाषेत लिहिलेला हा आटोपशीर हायपरव्हायजर सुमारे १२५ मिलिसेकंदांत पाहुणा सुरू करतो आणि दर पाहुण्यामागे पाचेक मेगाबाइट स्मृती खर्चतो, असं त्याचे कर्ते सांगतात. हे आकडे अख्ख्या यंत्रावरचे. भाड्याच्या सर्व्हरवर ते उतरले नाहीत म्हणून फायरक्रॅकरला नावं ठेवू नयेत. आपण मोजतो ते फायरक्रॅकर, केव्हीएम, घरमालकाचा हायपरव्हायजर आणि त्या क्षणी शेजाऱ्यांचा भार यांची बेरीज. 'टॉप' या आज्ञेत 'एसटी' असा एक रकाना असतो. आपल्याला मिळायला हवा होता पण मालकाने दुसऱ्याला दिला तो प्रोसेसरचा वेळ तिथे दिसतो. तो शून्याच्या आसपास नसेल तर त्या दिवशीचे आकडे टाकून द्यावेत. एकूणच, एखादं तंत्र चालतं का, बसवायला किती कटकट आहे, कुठे अडतं, हे भाड्याच्या सर्व्हरवर उत्तम कळतं. ते किती वेगाने चालतं हे कळत नाही, आणि कळल्याचा दावा करणारे तक्ते मी वाचत नाही.

परवानगी नसलेला सर्व्हर आधीच गळ्यात पडला असेल तरी हातपाय हलवता येतात. यूझर-मोड लिनक्स अजून लिनक्समध्ये आहे, आणि 'क्यूइएमयू' प्रोसेसरच्या मदतीशिवायही अख्खं यंत्र सोंगासारखं उभं करतो. मात्र पाहुणा सुरू होईपर्यंत चहा पिऊन यावं. याहून ताजा प्रयत्न म्हणजे पीव्हीएम. चीनमधल्या अँट ग्रुप आणि अलीबाबाच्या अभियंत्यांनी तो २०२३मध्ये मांडला आणि २०२४च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या कर्नलकारांपुढे ठेवला. यात केव्हीएमचं बाकीचं घर तसंच राहतं. फक्त प्रोसेसरच्या सोयीऐवजी पाहुण्याचं कर्नल सामान्य प्रोग्रॅमच्या हक्कांत चालवलं जातं आणि स्मृतीचे तक्ते सॉफ्टवेअर सांभाळतं. दुसऱ्या पातळीवर काही अडलं तर ते पहिल्या पातळीवरच निस्तरलं जातं, शून्य पातळीला उठवावं लागत नाही. मालकाला विचारायचीही गरज नाही. अटी दोन: आपल्या सर्व्हरवर स्वतःचं कर्नल बूट करता आलं पाहिजे, म्हणजे ओपनव्हीझेड बाद; आणि पाहुण्याचं कर्नलही त्यासाठी बदललेलं हवं, म्हणजे विंडोज बाद.

पुढच्या भागात डिस्क आणि नेटवर्क. पोटभाडेकरूची खरी गळचेपी तिथे होते, आणि त्यावरचा 'व्हर्टआयओ' नावाचा उतारा भाड्याच्या सर्व्हरवर दोनदा घ्यावा लागतो.