मुलांचे न्हाणीघर

घर बांधताना माणूस देवघराची दिशा पाहतो, दर्शनी दाराला सागवान लावतो. पण मोरीचा विचार अगदी शेवटी करतो. उरलेली जागा, उरलेल्या विटा आणि उरलेली फरशी म्हणजे मोरी! वास्तविक घसरणे, भाजणे, विजेचा धक्का आणि साठलेले पाणी, ही लहान मुलांच्या जिवावर बेतणारी चारही संकटे याच चार-पाच फुटांत एकत्र येतात.

आमचे अण्णा गवंडी. लोकांची न्हाणीघरे त्यांनी बांधली. आमच्या घरी मात्र परसात फरशी आणि भोवती जुन्या लुगड्याचा आडोसा. बहीण १२ वर्षांची झाली, भाऊ ६ वर्षांचा. तेव्हा यंदाच्या सुट्टीत हे काम काढले. हाताखाली मी होते. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

पहिली गोष्ट उताराची. फुटाला सुमारे पाव इंच उतार चारही कोपऱ्यांकडून जाळीकडे हवा. पाणी साचले की साबणाचा थर बसतो, शेवाळ धरते आणि मूल घसरते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. ती घासून गुळगुळीत झाली म्हणजे साबणाने निसरडी होते, आणि डाग काढण्यासाठी ॲसिड ओतले तर दगडच खाल्ला जातो. आम्ही खरखरीत पृष्ठभागाच्या लहान टाइल्स बसविल्या. लहान टाइल्सना सांधे अधिक, त्यामुळे पायाला पकड मिळते आणि उतारही नीट काढता येतो.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्याच्या वाकणात सुमारे २ इंच पाणी कायम उभे राहते आणि गटाराची दुर्गंधी व झुरळे अडविते. महिनाभर गावाला गेल्यावर घरात वास येतो तो हे पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतावे, वास थांबतो.

आता कढत पाण्याविषयी. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाचीही कातडी काही सेकंदांत भाजते. मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून बंब भिंतीपलीकडे ठेवला. बादलीत आधी गार पाणी, मग कढत, हा क्रम आईने ठरवून दिला. विसणलेले पाणी कोपराने पाहूनच बादली आत जाते. विजेची कांडी न्हाणीघरात अजिबात नको. दिव्याचे बटण बाहेर हवे आणि गळणारी वीज तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा स्विच घराला हवा. ज्या घरी रांगते मूल आहे तिथे बादली भरून ठेवू नये. वीतभर पाणीही त्याचा जीव घेऊ शकते.

उंचीचा प्रश्न कोणी विचारात घेत नाही. कपड्यांची खुंटी मोठ्यांच्या हाताला लावतात आणि मूल पालथ्या बादलीवर चढते. आम्ही भावाला भिंतीशी उभे करून कोळशाने खूण केली. नळ, साबणाचा कोनाडा आणि एक खुंटी त्या मापाने बसविली. त्याच्या मापाची भिंत पाहून स्वारी खूश!

सर्वांत जास्त चर्चा दाराची झाली. दार बाहेर उघडणारे केले. आत कोणी पडले तर ते अंगाने अडत नाही. कडी ५ फुटांवर लावली. बहिणीचा हात तिथे पोचतो, भावाचा पोचत नाही, त्यामुळे तो स्वतःला कोंडून घेऊ शकत नाही. वर ६ फुटांवर झरोका ठेवला. उजेड, वारा येतो आणि बाहेरून कोणाला दिसत नाही.

या कडीचे मोल शेजारच्या पुरुषमंडळींना कळले नाही. "परसातल्या मोरीला एवढे दार कशाला?" असे एकाने विचारले. मी स्वतः दहावीपर्यंत पहाटे चारला उठून, काळोखात, आडोशाकडे पाहत अंघोळ उरकत आले. बहीण आता सात वाजता, ऊन आल्यावर, कडी लावून निवांत न्हाते.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'राहणीमान' हा शब्द शिकतो आणि तो उत्पन्नाच्या आकड्यांत मोजतो. मला वाटते, त्या आकड्यांशेजारी आणखी एक प्रश्न लिहावा: या घरातल्या मुलीला दिवसाउजेडी, दार लावून अंघोळ करता येते काय?