बॅकस्लॅश दिसला की जोडी वाचा

पायथन शिकणारी मुले आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारतात. यादीत उर्दू नावे भरली, जेसन फाइल उघडली, तर नावांच्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे! काही जण घाबरून फाइल डिलीट करतात आणि सगळी नावे पुन्हा टाइप करतात. खरे तर नावे शाबूत असतात, फक्त ती वाचण्याचा कायदा माहीत हवा.

प्रोग्राममध्ये मजकूर म्हणजे स्ट्रिंग, ती अवतरणचिन्हांत लिहितात. पण मजकुरातच अवतरणचिन्ह आले तर? कॉम्प्युटरला वाटेल, मजकूर संपला. म्हणून त्याच्या आधी बॅकस्लॅश लावतात: \" असा. हेच एस्केप कॅरेक्टर. ते पुढच्या अक्षराचा अर्थ बदलते. पुढे इंग्रजी 'एन' असेल तर नवी ओळ, 'टी' असेल तर टॅब. खुद्द बॅकस्लॅश हवा असेल तर तो दोनदा: \\

उर्दू वाचणाऱ्यांना हे नवे नाही. काफनंतर दोचश्मी हे आली की आपण दोन हर्फ सुटे वाचत नाही, 'ख' वाचतो. इथेही जोडी वाचायची.

चूक होते ती 'शोधा आणि बदला' वापरल्याने. समजा, मजकुरात \\ आणि लगेच 'एन' आहे. मुले दुसरा बॅकस्लॅश आणि 'एन' पकडून तिथे नवी ओळ घालतात. हे चूक. डावीकडून एकेक अक्षर घ्या. बॅकस्लॅश आला की पुढचे अक्षरही घ्या, जोडीचा अर्थ लावा आणि दोन्ही ओलांडून पुढे जा. मग पहिल्या जोडीचा एक बॅकस्लॅश होतो, 'एन' साधा 'एन'च राहतो. बॅकस्लॅशनंतर मजकूरच संपला तर गप्प बसू नका, एरर द्या.

आता नावांकडे येऊ. जेसनमध्ये बॅकस्लॅश आणि 'यू' यांच्यापुढे चार अंकी युनिकोड क्रमांक येतो. 0627 म्हणजे अलिफ, 0905 म्हणजे मराठी 'अ'. पायथनचे जेसन मॉड्यूल न सांगता असेच लिहिते. त्याच मॉड्यूलच्या 'लोड्स'ने वाचले की नावे जशीच्या तशी परत मिळतात. फाइलमध्येच उर्दू दिसायला हवी असेल, तर लिहिताना 'एन्शुअर आस्की' फॉल्स करा आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये ठेवा.

मुलांनी असा छोटा पार्सर एकदा स्वतः लिहावा. रोजच्या कामाला मात्र तयार लायब्ररीच वापरावी.