दख्खनच्या कोरड्या मुलखांतील गांजाची लागवड
परसांतील झाड आणि सरकारी मोजणी

भांग अथवा गांजा यांचा विषय निघाला म्हणजे दोन समजुती हटकून ऐकूं येतात. पहिली अशी कीं, हें झाड आपल्या देशांत सर्वत्र आपोआप उगवतें, आणि म्हणून महाराष्ट्रांतील जुन्या घरांच्या परसांतही तें तुळशीसारखें सहज वाढत असलें पाहिजे. दुसरी अशी कीं, त्याच्या लागवडीवरील बंदी फार पुरातन आहे. दख्खनच्या कोरड्या पठारापुरतें पाहिलें तर ह्या दोन्ही समजुती टिकत नाहींत. आणि दोहोंचें मूळ एकाच गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षांत आहे. ती गोष्ट म्हणजे पाणी. ज्या प्रदेशांत हें झाड आपल्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाहीं, तेथें तें दिसलें कीं त्यामागें पेरणारा व पाणी घालणारा कोणी तरी असतोच. आणि म्हणूनच तेथें सरकारला तें मोजतांही येतें. हाच मुद्दा प्रस्तुत लेखांत मांडावयाचा आहे. लागवड करावी कीं न करावी, हा आमचा विषय नाहीं. ती आज दंडनीय अपराध आहे, आणि तो अपराध केव्हां व कसा ठरला हें पुढें येईलच.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. भांग, गांजा व चरस हीं तीन झाडें नव्हत. एकाच झाडाच्या तीन वस्तु होत. पानें ती भांग, मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे तो गांजा, आणि नुसती निघालेली राळ तो चरस. लिनियस यानें इ. स. १७५३ मध्यें ह्या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असें शास्त्रीय नांव दिलें. पुढें १७८५ मध्यें लामार्क यानें हिंदुस्थानांतील नमुन्यावरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जात मानिली. ह्या झाडांत नर व मादी निरनिराळीं असतात आणि नराचे पराग वाऱ्यावर उडून मादीपर्यंत पोंचतात. ही एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; लागवडीचा सर्व इतिहास तिच्याभोंवतीं फिरतो.

दुसरा घोटाळा इंग्रजी कागदांनीं केलेला आहे. त्या भाषेंत ‘हेंप’ हा शब्द वाख देणाऱ्या अनेक वनस्पतींना सरसकट लावीत. ‘डेक्कन हेंप’ म्हणजे आपली अंबाडी, आणि ‘सन हेंप’ म्हणजे आपला ताग. अंबाडीचीं पानें कांहींशीं गांजाच्या पानांसारखीं दिसतात, आणि तिच्या शास्त्रीय नांवांतही ‘कॅनाबिनस’ हा शब्द त्याच साम्यावरून आला आहे. ह्यामुळें जुन्या गॅझेटियरांत किंवा जमाबंदीच्या अहवालांत ‘हेंप’ खालीं इतके एकर जमीन असल्याचें वाचून तेथें गांजा पिकत असे, असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. बहुतेक ठिकाणीं तेथें शेतकऱ्याच्या दोरखंडाची अंबाडी किंवा ताग असतो.

आतां प्राचीन पुराव्याकडे वळूं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत भंगेचा उल्लेख वनस्पतींच्या गणनेंत येतो. त्याहून महत्त्वाचा उल्लेख पाणिनीचा आहे. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत, अमुक धान्याचें शेत अशा अर्थाचे शब्द कसे साधावे हें सांगतांना, तीळ, उडीद, जवस व अणु नांवाचें बारीक धान्य यांच्या पंक्तीस त्यानें भंगा बसविली आहे. भंगेच्या शेताला ‘भांग्य’ किंवा ‘भांगीन’ म्हणावें असें त्यावरून सिद्ध होतें. त्याच पादांतील एका वार्तिकानें भंगेच्या रजाला, म्हणजे परागाला, ‘भंगाकट’ असें स्वतंत्र नांव दिलें आहे. ज्या झाडाच्या शेताला व परागाला व्याकरणानें शब्द पुरविले, तें झाड रानांतून ओरबाडून आणलेलें नसून पेरलेलें पीक होतें, हें उघड आहे. परंतु पाणिनि हा वायव्येकडील शलातुर गांवचा. त्याच्या शेतावरून गोदावरीकांठच्या शेताचें अनुमान करतां येत नाहीं. शिवाय तीळ-जवसांच्या सोबतीवरून तें पीक बीं व वाख यांसाठीं असण्याचा संभव अधिक. वैद्यकांत हें झाड पुढें मानास चढलें. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत त्यास विजया, जया, मातुलानी, मादिनी अशीं नांवें आढळतात.

दख्खनच्या जवळचा जुना साक्षीदार पाहावयाचा तर गोव्यास गेलें पाहिजे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास राहत असे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें वैद्य म्हणून जाणेंयेणें होतें. इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादांत भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. गुजराथच्या बहादूरशहानें पोर्तुगीज सरदाराजवळ म्हटलें कीं, रात्रीं आपणांस पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान किंवा इराणांत जावेंसें वाटलें तर थोडी भांग पुरे, अशी आख्यायिका त्यानें दिली आहे. आख्यायिका बाजूस ठेविली तरी ओर्ताचें एक निरीक्षण महत्त्वाचें आहे: हें झाड युरोपांतील वाखाच्या झाडासारखें असूनही तेंच नव्हे, असें त्यास वाटलें. ह्याचा अर्थ असा कीं, दोरासाठीं वाढविलेलें झाड आणि नशेसाठीं वाढविलेलें झाड यांतला फरक सोळाव्या शतकांतही डोळ्यांना दिसण्याइतका होता. असा फरक रानांत आपोआप पडत नाहीं. तो निवडून बीं राखणाऱ्या माणसाच्या हातून पडतो.

येथें हवामानाचा विचार आला. भांगेचें रान हिमालयाच्या पायथ्याशीं, काश्मीरपासून आसामापर्यंत पसरलें आहे. तेथें ती उकिरड्यावर, वाटेच्या कडेला, पडीक जमिनींत कोणी न पेरतां उगवते. द्वीपकल्पांत तशी स्थिति नाहीं. अहमदनगर (ज्याचें अधिकृत नांव २०२४ पासून अहिल्यानगर आहे) सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतें; तेथील वार्षिक पाऊस सुमारें २२ इंच, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. त्यापुढें आठ महिने जमीन भेगाळत जाते. सांडलेलें बीं पावसाळ्यांत क्वचित् रुजेलही. परंतु फुलोरा येऊन बीं पिकेपर्यंत त्यास ओल पुरत नाहीं, आणि पुरलीच तर गुरांच्या व तणांच्या तोंडून तें वांचत नाहीं.

मग ह्याच कोरड्या मुलखांत गांजाची लागवड कां वाढली? उत्तर वरकरणीं विरोधाभासाचें, परंतु सरळ आहे. झाडाला मुळाशीं ओल पाहिजे आणि फुलोऱ्याला कोरडी हवा पाहिजे. रात्री मोठ्या होऊं लागल्या म्हणजे ह्या झाडास फुलोरा येतो. दख्खनांत त्या सुमारास पाऊस परतलेला असतो, आभाळ निरभ्र असतें, आणि फुलोऱ्यावरील राळ धुवून जाण्याचें किंवा बुरशी लागण्याचें भय उरत नाहीं. मुळाशीं लागणारी ओल काळी जमीन कांहीं दिवस धरते. पुढें विहिरीच्या मोटेचें पाणी द्यावें लागे. म्हणजे आकाशानें दिलेली कोरड आणि माणसानें दिलेलें पाणी ह्या दोहोंच्या संयोगानें हें पीक होई. बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांतील नौगांव येथें प्रसिद्ध ‘गांजा महाल’ होता. तेथील अडचण अगदीं उलट होती. तेथें पाणी सांचूं नये म्हणून उंचवट्याची जमीन शोधावी लागे.

दोन्ही ठिकाणीं समान होतें तें नर झाडें उपटून टाकण्याचें काम. मादीस पराग लागला कीं तिची शक्ति बियांत जाते व राळ उतरते. नौगांवास नर ओळखण्यासाठीं खास माणसें असत. त्यांस ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. आपल्या ‘पारख’ ह्या शब्दाचेंच हें भावंड आहे. एक नर चुकून राहिला तर साऱ्या शेताचा माल बियाळ होई. ह्यावरून परसांतील एकट्यादुकट्या झाडाविषयींही एक अनुमान निघतें. गोसाव्याच्या मठीपाशीं किंवा घरामागें मोरीच्या ओलीवर दोनचार झाडें लावणारा मनुष्य पारखदार नसे. त्याच्या झाडांत नर राहत, माद्या बियाळ होत, आणि त्याच्या हातीं लागे ती मुख्यतः पानांची भांग. बाजाराचा गांजा हा मळ्याचा माल; परसांतील झाड म्हणजे घरगुती घोट्याची सोय. हा भेद न ओळखतां दोहोंस एकच मापानें मोजणें, हीच पुढील कायद्यांतली गुंतागुंत होय.

आपल्याकडील ‘तुळशींत भांग’ ही म्हण येथें कोणी पुढें करील. तुळशीच्या वाफ्यांत न लावतां भांग उगवली, अशी तींत कल्पना आहे खरी. परंतु तुळशीवृंदावन हें कोरड्या घरांतील रोज पाणी मिळणारें ठिकाण, हें विसरतां कामा नये. म्हणींतल्या भांगेलाही गृहिणीचा तांब्या लागलाच.

सरकारी मोजणीचा इतिहास बंगालमध्यें १७९३ च्या नियमांपासून सुरू होतो. त्यांनीं मादक पदार्थांच्या विक्रीस परवाना लागू केला. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा आला. ह्या काळांतील दृष्टि निषेधाची नसून उत्पन्नाची होती. पुढें विलायतेंत पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ मध्यें ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ नेमण्यांत आलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षीं डेव्हिड प्रेन यांचा बंगालमधील लागवडीवरील अहवालही प्रसिद्ध झाला. कमिशननें सत्तर प्रश्नांची यादी काढली, ११९३ साक्षी घेतल्या, आणि १८९४ मध्यें आपला निर्णय दिला. मुंबई व वऱ्हाड या दोन्ही प्रांतांच्या साक्षी सातव्या खंडांत आहेत. महाराष्ट्राच्या अभ्यासकानें तो खंड तरी अवश्य चाळावा.

कमिशनचें मत थोडक्यांत असें: मित सेवनानें सामान्यतः अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो, संपूर्ण बंदी अनावश्यक व अनिष्ट आहे, परंतु लागवड परवान्यानें ठराविक क्षेत्रांत आणावी, माल सरकारी देखरेखीच्या वखारींत ठेवावा, त्यावर कर घ्यावा, आणि जवळ बाळगण्यास मर्यादा घालावी. ह्यांतील लागवडीची शिफारस दख्खनास जितकी लागू पडली तितकी हिमालयाच्या पायथ्यास पडणें शक्य नव्हतें. रानांत उगवणारी भांग कोणता मामलेदार मोजणार? तिचा समूळ नाश अशक्य, हें कमिशननेंही ओळखलें. उलट अहमदनगर किंवा सातारा जिल्ह्यांतला मळा विहिरीवर अवलंबून, विहीर जमाबंदीच्या दप्तरांत नमूद, आणि मालकाचें नांव सातबाराच्या पूर्वजांत लिहिलेलें. अशा ठिकाणीं परवाना देणें सोपें आणि काढून घेणें त्याहून सोपें. मध्यप्रांतांत लागवड निमाड जिल्ह्यांतील खंडव्याच्या बाजूस आवळून ठेवली होती, ती ह्याच न्यायानें. (खंडवा व खानदेश यांचा नामसाम्यामुळें घोटाळा करूं नये.) कोरड्या देशांतील शेतकऱ्यानें पाण्यानें जें साधलें, तेंच पाणी त्याच्याविरुद्ध साक्षीदार झालें.

संपूर्ण निषेध हा त्यानंतरचा. स्वातंत्र्योत्तर काळांत १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मादक द्रव्यांसही आपल्या कक्षेंत घेतलें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवून नुसतीं पानें वगळलीं. तोच भेद १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलांत आलेल्या भारतीय कायद्यांत उतरला. ह्यामुळें फुलोऱ्याविरहित पानें ‘गांजा’ ठरत नाहींत. परंतु झाड लावणें ही निराळी गोष्ट. शासनाच्या परवानगीवांचून कॅनाबिसचें कोणतेंही झाड लावणें ह्या कायद्यानें निषिद्ध आहे. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि एका झाडाची किंवा घरच्या कुंडीची सवलत त्यांत नाहीं. वाख व बीं यांसाठीं परवानगी देण्याची तरतूद मात्र आहे. उत्तराखंडानें २०१८ मध्यें तीनुसार औद्योगिक लागवडीस वाट करून दिली. म्हणजे पाणिनीच्या ‘भांगीन’ शेतास कायद्यांत दार उरलें. परसांतील झाडास उरलें नाहीं.

ह्यावरून इतिहासाच्या अभ्यासकानें घ्यावयाचा धडा असा. ‘पूर्वीं सगळेच लावीत’ हें वाक्य जितकें निराधार, तितकेंच ‘पूर्वींपासून बंदीच होती’ हेंही. दख्खनांत लावणारे थोडे होते, जाणून लावीत होते, आणि सुमारें पाऊण शतकापूर्वींपर्यंत त्यांच्या झाडाशीं सरकारचा संबंध महसुलापुरताच होता. ह्या शेतकऱ्यांचें ज्ञान नौगांवच्या पारखदारांप्रमाणें अहवालांत नीट लिहिलें गेलें नाहीं. मळे मोडले तसें तें विरलें. ज्या वाचकांच्या संग्रहीं मठांचे, मळ्यांचे किंवा विहिरींच्या वांटणीचे जुने कागद असतील, त्यांनीं त्यांत भांग किंवा गांजा हा शब्द आढळल्यास तेवढाच टिपून थांबूं नये. ती जमीन कोणत्या विहिरीखालीं होती, आणि पाण्याची पाळी कोणाची होती, हेंही टिपावें. पाण्याचा धनी सांपडला कीं त्या झाडाचा इतिहास सांपडण्यास वेळ लागणार नाहीं.