वादळ घाट चढून आलं

आमच्या चाळीत श्रीवर्धन तालुक्यातून लग्न होऊन आलेल्या एक काकू आहेत. ३ जून २०२० च्या सकाळी त्यांच्या भावाचा गावाहून फोन आला. काकू फोनवर नेहमीच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे सगळ्या चाळीला ऐकू गेलं. आदल्या दिवशीच तलाठी आणि पोलीस पाटील वाडीवर येऊन गेले होते. कौलारू आणि कुडाच्या घरांतली माणसं शाळेत नेली होती. गुरांची दावी सोडली होती, होड्या ओढून पार वर आणल्या होत्या. हे सगळं सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्याकडं पण यायचंय ते. संध्याकाळच्या आत पत्रे बांधून घ्या."

आम्हाला ते पटलं नाही. वादळ समुद्राचं, आणि आम्ही देहूरोडला. मध्ये अख्खा सह्याद्री उभा. मावळातल्या माणसाला पाऊस शिकवावा लागत नाही. मे संपता संपता आगोट करायची, घर शाकारायचं, कौलं चाळायची, पन्हाळी साफ करायची, सरपण आणि वैरण कोरड्यात घ्यायची. हे सगळं पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेलं आहे. पण ही तयारी वरून पडणाऱ्या पाण्याची. आडव्या येणाऱ्या वाऱ्याची तयारी आमच्याकडे कुणी कधी केलेली नव्हती.

'निसर्ग' चक्रीवादळ त्या दुपारी दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढलं. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा घेऊन ते ईशान्येकडे सरकलं आणि काही तासांतच घाट ओलांडून मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात शिरलं. जमिनीवर आलं की वादळाचा जोर ओसरतो, कारण त्याला लागणारी समुद्राची ऊब आणि वाफ मिळेनाशी होते. हे खरंच आहे. पण ओसरलेलं वादळसुद्धा पत्र्याच्या घराला पुरेसं असतं. आमच्या गल्लीत सहा घरांवरचे पत्रे गेले. शेजारच्यांनी घाईनं पत्र्यावर विटा आणि जुने टायर ठेवले होते. वाऱ्यानं पत्रा उचलला तेव्हा त्या विटा खाली अंगणात आल्या. तिथे त्या क्षणी कुणी नव्हतं, एवढंच नशीब. पत्रा वजनानं धरत नाही, तो जे-हुकांनी वाशाला किंवा लोखंडी पाइपाला आवळावा लागतो, हे आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.

त्या दिवसांत आणखी एक अडचण होती, आणि आज मागे पाहताना ती मला सर्वांत मोठी वाटते. कोरोनाची साथ ऐन भरात होती. दोन महिन्यांहून अधिक काळ माणसाला एकच गोष्ट सांगितली जात होती, घरातच थांबा. आणि आता सांगायचं होतं, घर सोडा आणि एका खोलीत वीसजण बसा. रायगडमध्ये तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि शिक्षकांनी हे समजावण्याचं काम केलं. जिल्ह्यातली हजारो माणसं वादळाआधी हलवली गेली. इतक्या मोठ्या वादळात राज्यभरात मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले, त्यामागे हे दारोदार फिरणं आहे. हवामान खात्याचा अंदाज अचूक होताच, पण अंदाज दारापर्यंत माणसांनी नेला. घाटावर मात्र, खेड आणि हवेली तालुक्यांत, त्या दिवशी माणसं गेली. इथे कुणी हललंच नव्हतं.

वादळानंतर मावळाला दुहेरी मार बसला. पवना मावळ, तळेगाव हा गुलाबाचा पट्टा. लॉकडाऊनमुळे फुलबाजार बंद, तोडलेली फुलं बांधावर टाकून दिलेली, आणि त्यात पॉलिहाऊसचे कागद फाटून सांगाडे वाकडे झाले. विजेचे खांब आडवे झाल्यानं आमच्याकडे दिवसांमागून दिवस अंधार होता, कोकणात तर आठवड्यांमागून आठवडे. सरकारनं मदतीचे निकष वाढवले. फळबागेला हेक्टरी ५० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. पण कोकणातली वाडी गुंठ्यांची असते. पाच गुंठ्यांत नारळ, सुपारी, जायफळ आणि मिरीचे वेल असा एकावर एक संसार. हेक्टरचा हिशेब तिथे लागू होत नाही, म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी पुढे आली. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी भागात हिरड्याची झाडं मोडली, आणि त्या भरपाईसाठी लोकांना काही वर्षं पाठपुरावा करावा लागला. पंचनाम्याच्या कागदावर जे रकान्यात बसतं तेच नुकसान, बाकीचं नुकसान माणसाजवळच राहतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. कोकणात पुन्हा तीच धावपळ झाली, पण यावेळी हात सरावलेले होते. काकूंच्या भावानं फोनवर सांगितलं, की शाळेत जाताना कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधं, बॅटरी आणि दोन दिवसांचं पीठ-तांदूळ आधीच बांधून ठेवलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मीसुद्धा एक पिशवी भरून खुंटीला लावली. पुण्यात पाषाणला जी उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ती पिशवी खुंटीवरून काढायची नाही.

पण त्या पिशवीनं सगळंच भागत नाही, हे २०२१ च्याच जुलैनं दाखवलं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला आणि त्याच दिवसांत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही तर घाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यात, लोणावळ्याहून उतरलं की थोड्याच अंतरावर. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून इशारा नाही, आणि इशारा नाही म्हणून कुणी हललं नाही. गाडीरस्ता नसलेल्या त्या वाडीवर मदतीला निघालेली माणसं भर पावसात अंधारात डोंगर चढून गेली. मला त्या रात्री २०१४ मध्ये दरडीखाली गेलेलं माळीण आठवत राहिलं. तिथे गाव नाहीसं झाल्याचं आधी लक्षात आलं ते रोजच्या एसटीच्या चालकाला. रोज येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनाच फरक कळतो.

आमच्या बाजूला देहूरोडच्या एका अंगाला पवना आणि दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. या दोन नद्यांच्या मध्ये राहणाऱ्याला २०२० नंतर मोबाइलवर सतत निरोप येऊ लागले. धरण इतके टक्के भरलं, सांडव्यावरून इतका विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावं. हे चांगलंच झालं. पूर्वी दवंडी असायची, आता फोन वाजतो. पण आमच्या गल्लीतल्या किती जणांना पाच हजार क्युसेक म्हणजे काय ते सांगता येईल? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. हा हिशेब मी मुलाकडून शिकलो, पण त्यानंतरही पाणी माझ्या दारात येणार की नाही ते मला कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं माप वेगळं असतं. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरलं, की इकडच्या काठावर कुठवर येणार ते त्यांना ठाऊक. घाटाची कितवी पायरी बुडाली, कुठल्या पिंपळाच्या बुंध्याला पाणी लागलं, यावर त्यांचा निर्णय ठरतो. विसर्गाच्या निरोपाखाली ही दुसरी ओळ कुणीतरी लिहायला हवी, असं मला गेली पाच वर्षं वाटत आलंय.

२०२४ चा पावसाळा या दृष्टीनं फार वाईट गेला. ३० जूनला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात जोराची सर आली की खाली ओहोळ मिनिटांत फुगतो, आणि उभं राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा आभाळ उघडं असू शकतं. पाठोपाठ २५ जुलैला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. लष्कराच्या तुकड्यांना बोलवावं लागलं. रात्री धरणातून पाणी सोडल्याचं वेळेवर कळलं नाही, असं तिथले रहिवासी सांगत होते. त्याच दिवशी डेक्कन परिसरात हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवला असेल. तेव्हा सैनिक रात्रभर धरणावर वाळूची पोती रचत होते. शहर मात्र पाणी येईपर्यंत रोजच्यासारखंच कामाला लागलं होतं.

आणि मग १५ जून २०२५. देहूरोडच्या पुढचं स्टेशन बेगडेवाडी. तिथून जवळ इंद्रायणीवर कुंडमळा आहे. खडकात पाण्यानं कोरलेली कुंडं पाहायला रविवारी पुण्या-पिंपरीची गर्दी लोटते. तिथला जुना लोखंडी पूल त्या दुपारी माणसांच्या भारानं कोसळला. चारजण गेले, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. इशारा होता, पण तो अडवून सांगणारा माणूस त्या वेळी पुलाच्या तोंडाशी नव्हता. आसपासच्या गावांतली पोरं दोर घेऊन आधी पोहोचली, मग बचाव पथकं आली. तीनच दिवसांनी, १८ जूनला देहूहून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान होतं. इंद्रायणी तेव्हाही गढूळच होती. घाटावर उभं राहून लोक नुसते पाण्याकडे बघत होते, स्नानाला उतरताना एकमेकांचा हात धरत होते.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीनं एक वही केली. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण एकटं राहतं, कुणाकडे चारचाकी आहे, पाणी आलं तर कोणत्या पक्क्या इमारतीत कोणी जायचं. काकूंनी स्वतःच्या नावासमोर लिहायला लावलं, "गुडघे दुखतात, जिना चढवायला एक माणूस." पत्रे बहुतेकांनी जे-हुकांनी आवळून घेतलेत. ज्यांना ते परवडलं नाही त्यांच्यासाठी वर्गणी निघाली.

काकूंच्या भावानं २०२० च्या पावसाळ्यातच मोडलेल्या सुपाऱ्यांच्या जागी नवी रोपं लावली होती. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. परवा त्यांचा फोन आला. दोन झाडांना पहिली शिंपुटं आली आहेत. काकू यंदाही मोठ्यानंच बोलत होत्या, पण शेवटी विचारायचं ते त्यांनी हळू आवाजात विचारलं, "शाळेचं छप्पर यंदा बघून घेतलंत ना रे?"