कुत्र्याच्या ताटातील भाजीपाला

महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, समाजकार्य अशा भारदस्त विषयांवर लेख यावेत अशी अपेक्षा असते. त्यांच्या पंक्तीत कुत्र्याच्या आहारावरील लेख पाहून काही सभासद हसतील, याची आम्हास कल्पना आहे. हसावे, हरकत नाही. परंतु आपल्या न्यासाच्या कित्येक कुटुंबांत आता कुत्रा पाळलेला आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांच्या गल्लीत तो आहेच. त्याला आपण रोज काही ना काही घालतो. प्रेमाने घातलेला घास कधी कधी घातक ठरतो, हे आम्ही एकदा फार जवळून पाहिले, म्हणून हा खटाटोप.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी वर्गातील एका मुलीने आम्हास विचारले, “सर, नैवेद्याचं भरीत कुत्र्याला चालतं का?” तिच्या घरी पाच-सहा किलो वजनाची पामेरियन जातीची कुत्री होती. खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. तेव्हा इंदुरातील मराठी घरांतून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्रा हा देवाचा सोबती म्हणून त्याच्यापुढेही पान ठेवतात, हे आम्हास ठाऊक होते. (याच खंडोबाला मल्लूखान असेही एक नाव आहे, हे मुलांना सांगताना आम्हास नेहमी मौज वाटते.) आम्ही मुसलमान, आमच्याकडे कुत्रा घरात ठेवण्याचा रिवाज नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची पापे माफ झाली, ही हदीसमधील हकीकत लहानपणी ऐकलेली. पण कुत्र्याला काय पचते याचे ज्ञान शून्य. तरीही शिक्षकाला एक खोड असते. ‘ठाऊक नाही’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आम्ही म्हणालो, “भाजीच ती. तिने काय होणार आहे?”

भरतात कांद्याची पात, कांदा आणि लसूण सढळ हाताने पडलेला होता. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करणारी घरे त्या दिवशी हात आखडत नाहीत. कुत्रीने पानातले तर खाल्लेच, रात्री झाकण सरकवून पातेल्यातलेही चाटूनपुसून खाल्ले. दोन दिवस काहीच झाले नाही. चौथ्या दिवशी ती उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी तांबूस-काळी होऊ लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले, सलाइन दिले, परंतु उशीर झालेला होता. मुलीने आम्हास दोष दिला नाही. तिने फक्त येऊन सांगितले, “सर, कांद्यानं झालं म्हणे.”

त्यानंतर आम्ही या विषयाचे जे वाचले आणि पशुवैद्यांना विचारून जे समजून घेतले, ते पुढे देत आहोत.

कांदा, लसूण, कांद्याची पात ही सारी एकाच कुळातील भावंडे. त्यांत गंधकाची काही संयुगे असतात. आपल्याला कांदा चिरताना रडवणारे कुटुंब तेच. कुत्र्याच्या शरीरात ही संयुगे रक्तातील तांबड्या पेशींवर हल्ला करतात. पेशीतील हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या बारीक गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटतात आणि अशा खराब झालेल्या पेशी फुटतात, किंवा शरीर स्वतःच त्यांचा नाश करते. माणसाची तांबडी पेशी या बाबतीत बरीच कणखर, कुत्र्याची नाजूक, आणि मांजराची त्याहूनही नाजूक. पेशी फुटावयास वेळ लागतो, म्हणून लक्षणे त्याच दिवशी न दिसता तीन-चार दिवसांनी दिसतात. तोपर्यंत काय खाल्ले होते ते घरातील सर्वजण विसरून गेलेले असतात. या आजारातील खरी फसगत येथेच आहे.

मात्रेचा हिशेब असा, की कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की धोका धरावा. दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा अर्धा भाग. पाच किलोच्या पामेरियनला त्याच्याही निम्मा. लसूण तर कांद्याहून तीव्र. आणि कोणी म्हणेल की शिजवला म्हणजे झाले, तर तेही खरे नाही. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही. वाळवलेल्या कांद्याची पूड पाणी उडून गेल्यामुळे वजनाला अधिकच जहाल होते. रोज थोडे थोडे दिले तरी नुकसान साठत जाते. तेव्हा आमटी, रस्सा, मटणाचा मसाला, ज्यात ज्यात कांदा-लसूण विरघळलेला आहे ते पोळीला लावून कुत्र्याला देणे, म्हणजे कांदाच देणे होय.

इंदूरकरांनी येथे सकाळचे पोहे आठवावेत. आपल्या पोह्यांवर कच्चा कांदा, शेव आणि जिरावण भुरभुरल्याशिवाय आपले समाधान होत नाही, आणि उरलेला द्रोण कोपऱ्यावरच्या कुत्र्यापुढे सरकवला की पुण्यही पदरी पडते. शहरात ओला व सुका कचरा दारातून उचलला जाऊ लागल्यापासून, आणि रस्त्यावरच्या कचरापेट्या नाहीशा झाल्यापासून, गल्लीतील कुत्र्यांचे पोट पूर्वीपेक्षा आपल्या हातावर अधिक अवलंबून आहे असे आम्हास वाटते. स्वच्छतेत आपण २०१७ पासून देशात पहिले आलो, त्याचा आम्हास अभिमानच आहे. परंतु हातातला घास विचार करून टाकण्याची जबाबदारी त्याबरोबर वाढली. पोहे द्यावयाचेच असतील तर कांदा, मिरची, शेव पडण्यापूर्वीचे साधे पोहे द्यावेत.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे द्राक्षे, मनुका आणि बेदाणे. यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कोणाला चार मनुकांनी होईल, कोणाला मूठभर खाऊनही होणार नाही, त्यामुळे सुरक्षित मात्रा कोणी सांगू शकत नाही. याचे कारण पुष्कळ वर्षे कोडेच होते. २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, आणि चिंच खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडल्याचेही नोंदले गेले आहे. म्हणजे कचोरीचे तेल बाजूला ठेवले तरी तिच्यावरची आंबटगोड चटणी राहतेच. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे वेचून काढण्यापेक्षा तो शिराच कुत्र्याला न देणे बरे.

आता भुट्टा. पावसाळ्यात सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणारे आपण, घरीही मक्याची कणसे ढिगाने सोलतो. शिजवलेले मक्याचे चार दाणे कुत्र्याला बाधत नाहीत. बाधते ते दाणे काढलेले रिकामे कणीस. कुत्रा ते चावून बारीक करीत नाही, तुकडे मोडून गिळतो. तो तुकडा पोटात पचत नाही, आतड्यात अडकतो, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. आंब्याच्या कोयीचेही तेच. मोड आलेले किंवा हिरवट पडलेले बटाटे, टोमॅटोची पाने व देठ, कच्चे सुरण, अळू आणि अरवी ही वर्ज्यच समजावीत. कडू निघालेला दुधी किंवा काकडी माणसालाही अपाय करते. एक तुकडा स्वतः चाखून पाहावा, कडू लागला की लगेच थुंकून सारी भाजी टाकून द्यावी.

इतके निषेध वाचून कोणी म्हणेल, मग भाजी द्यावीच कशाला? द्यावी, जरूर द्यावी. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नव्हे. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या रसाचे जनुक लांडग्यात दोनच प्रती असते, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी अधिक प्रती असतात. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहून त्याने आपली भाकरी पचवण्याची शक्ती कमावली आहे. मात्र त्याची दाढ गाईसारखी रवंथाची नाही आणि लाळेत पिष्ट फोडण्याची शक्ती नाही, त्यामुळे गाजराचा कच्चा तुकडा जसा गेला तसाच बाहेर पडतो. भाजी वाफवून, मऊ करून, कुस्करून द्यावी. तेल नको, मीठ नको, तिखट नको, फोडणी तर नकोच.

लाल भोपळा सर्वांत उत्तम; मलावरोध आणि ढाळ, दोन्हींत थोडासा उपयोगी पडतो. गाजर, फरसबी, मटार, दुधी, काकडी, उकडलेले रताळे, थोडे बीट ही सगळी चालतात. बिटाने मल-मूत्राला तांबूस रंग येतो, तेव्हा घाबरून जाऊ नये. परंतु बीट दिलेले नसताना लघवी तांबूस झाली तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. कोबी व फुलकोबी दिली तर रात्री घरातील मंडळींना खोलीबाहेर झोपावे लागेल, इतकेच. नवी भाजी एका वेळी एकच आणि चमचाभर द्यावी, दोन दिवस पाहावे. रोजच्या आहारात अशा वरकड गोष्टींचा वाटा एक दशांशाहून अधिक नसावा. भाजी हे तोंडीलावणे आहे, जेवण नव्हे; अंडी, मांस, दूध वगळून नुसत्या भाजीपोळीवर कुत्रा पोसू इच्छिणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनी पशुवैद्यांशी बोलूनच तसे करावे.

वर्ज्य पदार्थ पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवून पुष्कळसे बाहेर काढू शकतात. घरी मीठ पाजून उलटी करविण्याचा उपाय कोणी सांगेल, तो मुळीच करू नये. त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, हे कागदावर लिहून न्यावे. शहरात पशुवैद्य आहेत, आणि जवळ महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. तिच्याकडे दुसरी कुत्री आली आहे. गेल्या चंपाषष्ठीला तिच्या आईने आम्हास फराळाला बोलावले होते. ओट्यावर दोन वाडगी ठेवलेली दिसली. वांगी भाजून, सोलून, कुस्करून झाल्यावर आईने त्यातले दोन चमचे आधीच एका वाडग्यात काढून त्यावर ताटली पालथी घातली होती, आणि मगच दुसऱ्यात कांद्याची पात, लसूण आणि मिरची पडली. देवाला दोन्हींचा नैवेद्य दाखवला गेला. कुत्रीला पालथ्या ताटलीखालचे भरीत आणि तूप न लावलेल्या रोडग्याचा तुकडा मिळाला, आणि उरलेल्या भरताचे पातेले मुलीने उचलून कपाटात, वरच्या फळीवर ठेवले.