गाव सुटले, गोतावळा सुटू नये

गुलमंडीच्या बाजारपेठेभोवतीचे छत्रपती संभाजीनगर शहर वसवले तेच परमुलखातून आलेल्या माणसाने. १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला जात तो दख्खनेत पोहोचला. पुढे फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथे आली. आज वाळूजच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यातल्या खेड्यांतून तरुण येतात आणि सणासुदीच्या खरेदीला गुलमंडीची वाट धरतात. गाव सोडल्याचा परिणाम अशा माणसांच्या शरीरावरही होतो.

नवख्या शहरात भाडे, कामाची शाश्वती, घरची काळजी हे सारे एकदम अंगावर येते. मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात आणि रक्तातली साखर वाढते. संकट टळले की ही पातळी उतरायला हवी. चिंता महिनोन्‌महिने टिकली, तर झोप मोडते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन प्रमुख मार्ग मांडले: अडचणच सोडवणे आणि मन सावरणे. भाडे झेपेना म्हणून गाववाल्याबरोबर खोली घेणे हा पहिला मार्ग, त्याच्यापाशी मन मोकळे करणे हा दुसरा. चिंता दारूत बुडवली, तर चिंता राहतेच, वर आजार जडतो.

आपल्या माणसांच्या आधाराचा सर्वांत थक्क करणारा पुरावा अमेरिकेतला आहे. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,८०९ जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. जपानी रीतभात आणि आपल्या लोकांतली ऊठबस जपणाऱ्यांत हृदयविकार जवळजवळ जपानइतकाच कमी होता. पाश्चात्त्य वळणात पुरते मिसळलेल्यांत तो तिप्पट ते पाचपट आढळला. आहार, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे हिशेबात धरूनही फरक उरलाच!

म्हणूनच गुलमंडीतल्या सुपारी मारुतीच्या दर्शनाला आलेल्या दोन गाववाल्यांचे बोलणे किरकोळ समजू नये. ‘तुमच्याकडं पाऊस झाला का?’ पासून ‘कुठं खोली रिकामी हाय का?’ पर्यंत त्यात मनाचा आधार आणि अडचणीवरचा उपाय दोन्ही असतात. असे कोणी जवळ नसेल, तर मानसिक आधार देणाऱ्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. शेजारी नवे बिऱ्हाड आले, तर आपणच आधी चौकशी करावी. त्यांच्या प्रकृतीला त्याचाही हातभार लागतो.